बंदुकीचा लेप आणि मासळीचे ब्लेड: मुंबईतील एका कारखान्यातील कोटिंगच्या निवडीचे प्रकरण

ससून डॉक आणि भाऊचा धक्का या दोन्ही ठिकाणांहून मासळी उचलणाऱ्या, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या एका मध्यम आकाराच्या प्रक्रिया कारखान्यात मासळीचे डोके छाटण्याच्या यंत्राची ब्लेड अपेक्षेपेक्षा फार लवकर निकामी होत होती. या यंत्रात एक मोठे गोल ब्लेड असते आणि त्याच्या मागे कल्ले व परांचे अवशेष खरवडणारी लहान सरळ ब्लेड असतात. दोन्ही प्रकारची ब्लेड साकीनाक्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तयार होत आणि धार लावण्यासाठीही तिथेच परत येत. गोल ब्लेड एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमच्या) पोलादाचे, म्हणजे ज्याला डी-२ म्हणतात त्याचे, तर सरळ ब्लेड स्वस्त पडते म्हणून ओएचएनएसचे, म्हणजे तेलात बुडवून कडक केल्या जाणाऱ्या हत्यारी पोलादाचे होते. कारखान्याने वर्कशॉपला कळवले की ब्लेडला टिकाऊ कोटिंग करून द्यावे, वाढीव खर्च मान्य आहे. दरपत्रके मागवण्यापूर्वी वर्कशॉपच्या मालकांनी प्रस्तुत लेखकाचा सल्ला घेतला. दोन्ही पक्षांची नावे येथे दिलेली नाहीत.

कारखान्याच्या व्यवस्थापकांची मागणी सुरुवातीपासून ठाम होती. ते नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी होते, आणि जहाजावरची शस्त्रे खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे कशी टिकतात हे त्यांनी पाहिलेले होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी वर्कशॉपच्या मालकांना विचारले, “शेठ, रायफल समुद्रावर टिकते, तर तुमचे ब्लेड बंदरावर का टिकत नाही? तिला जो काळा लेप असतो तोच याला द्या.” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर शोधतानाच या प्रकरणाचा बहुतेक भाग उलगडला.

नुकसान झिजेचे की गंजाचे

कोटिंगच्या बाजारात लेपांची तुलना बहुधा कडकपणाच्या आकड्यांवर होते. हार्ड क्रोम विकर्स मापावर साधारण ८५० ते १०००, क्रोमियम नायट्राइड १८०० च्या आसपास, टायटॅनियम नायट्राइड २३०० च्या आसपास. आकडा जितका मोठा तितका लेप टिकाऊ, असा समज त्यातून तयार होतो. परंतु हे आकडे घर्षणाने होणाऱ्या झिजेपुरते बोलतात. म्हणून लेपाची चर्चा बाजूला ठेवून, परत आलेली ब्लेड आधी दहापट भिंगाखाली पाहण्याचे ठरले.

हाडांवर आणि खवल्यांवर घासून झिजलेली धार भिंगाखाली गोलसर, गुळगुळीत आणि सलग दिसते. परत आलेल्या बहुतेक ब्लेडची धार तशी नव्हती. तिच्यावर बारीक खड्डे होते, खड्ड्यांच्या कडेने धातूचे कण तुटलेले होते आणि त्यामुळे धार करवतीसारखी खाचेदार झाली होती. तसेच खड्डे धारेपासून दूर, ब्लेडच्या सपाट बाजूवरही होते, जिथे मासळीचा घासा लागण्याचा प्रश्नच नव्हता. गंजाने धारेच्या मागचा आधार पोखरला होता आणि हाडाने उरलेले काम केले होते.

दुसरा पुरावा कारखान्याच्या नोंदवहीत मिळाला, आणि लेखकाच्या मते तो भिंगापेक्षाही बोलका होता. जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागू होते तेव्हा या यंत्रावरचे काम जवळजवळ थांबते. ब्लेड धुऊन कपाटात ठेवली जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम उघडला की बाहेर काढली जातात. धार लावण्यासाठी एकदम सर्वाधिक ब्लेड पाठवल्याच्या नोंदी नेमक्या त्याच वेळच्या होत्या. म्हणजे ब्लेड न वापरलेल्या काळात सर्वांत जास्त खराब होत होती.

यामागचे कारण मुंबईच्या हवेत आहे. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतील पाणी ओढून स्वतःच विरघळते. जुलै-ऑगस्टमध्ये या शहराची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे धुतल्यानंतरही ब्लेडवर जो मिठाचा पुसट थर उरतो तो त्या दोन महिन्यांत कधी सुकतच नाही. कपाट बंद असले तरी ब्लेड अखंड खाऱ्या पाण्यात राहिल्यासारखे असते. ज्या कोळिणी रोज बाजारात बसतात त्यांच्या साध्या लोखंडाच्या कोयत्यांना कोणताही लेप नसतो, आणि तरीही ते टिकतात, कारण ते रोज घासले जातात, पुसले जातात आणि रोज वापरले जातात.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष पाहणीत समजली. रात्रपाळी संपल्यावर ब्लेड सुटी करून निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनच्या पाण्याच्या टबात टाकली जात आणि सकाळच्या पाळीपर्यंत तिथेच राहत. निर्जंतुकीकरणाला काही मिनिटे पुरतात. उरलेले तास क्लोरीन पोलादावर काम करत असे. डी-२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असल्यामुळे ते ‘जवळजवळ स्टेनलेस’ आहे असे वर्कशॉपमध्ये मानले जात होते. पण या पोलादात कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो आणि तो बराचसा क्रोमियम कार्बाइडच्या कणांमध्ये अडकवून ठेवतो. गंज रोखणारी अदृश्य पापुद्री तयार करण्यासाठी पुरेसे क्रोमियम मोकळे राहत नाही. मिठापुढे आणि क्लोरीनपुढे डी-२ हे गंजणारेच पोलाद आहे.

बंदुकीवर काय असते आणि ते तिथे का चालते

व्यवस्थापकांच्या प्रश्नाकडे आता नीट वळता आले. बंदुकीवरचा पारंपरिक काळा-निळा थर, ज्याला आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ब्लॅकोडायझिंग म्हणतात, तो कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइटच्या सुमारे १४० अंश सेल्सियसला उकळणाऱ्या द्रावणात तयार होतो. पोलादाच्या पृष्ठभागाचेच मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये, रूपांतर होते. थराची जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि तो सच्छिद्र असतो. एकट्याने तो गंज रोखत नाही. तो तेल धरून ठेवतो आणि गंज रोखण्याचे काम तेल करते. मँगनीज फॉस्फेटिंगचेही तसेच आहे. त्याचा थर अधिक जाड आणि खरखरीत असतो, म्हणून तो अधिक तेल शोषतो आणि लष्करी शस्त्रांवर पिढ्यानपिढ्या वापरला गेला. नौदलात शिस्तीने रोज पुसली आणि तेल लावून ठेवली जाणारी रायफल टिकते, त्यात लेपाइतकाच वाटा त्या तेलाच्या फडक्याचा असतो. मासळी कापणाऱ्या ब्लेडवर पाळी सुरू असताना तेल ठेवता येत नाही, उलट दर पाळीला त्याच्यावर क्लोरीन पडते. हे मांडल्यावर व्यवस्थापकांनी ब्लॅकोडायझिंगचा आग्रह स्वतःहून सोडला. फडक्याची गोष्ट त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

शस्त्रांच्या इतिहासातील आणखी एक उदाहरण या चर्चेत उपयोगी पडले. एके-४७ च्या नळीला आतून हार्ड क्रोमचा थर असतो. अमेरिकन एम-१६ रायफल १९६० च्या दशकात व्हिएतनामच्या दमट हवेत गेली तेव्हा तिच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाला, असा थर नव्हता आणि सैनिकांकडे पुरेसे सफाई साहित्यही दिलेले नव्हते. चेंबर गंजून खरबरीत झाले की झाडलेल्या काडतुसाचे कवच आत अडकून बसे. काडतुसातील दारूचा प्रकार बदलल्याने अडचणी वाढल्या, हाही त्याचा एक भाग होता. पुढे चेंबरला क्रोम दिले गेले आणि सफाईचे साहित्य व प्रशिक्षणही दिले गेले, तेव्हा परिस्थिती सुधारली. क्रोम तिथे दिले गेले जिथे उष्णता, वायू आणि गंज एकत्र येतात. बाहेरच्या बाजूला फॉस्फेटसारखा साधा थर पुरला. एकाच शस्त्राच्या दोन पृष्ठभागांना दोन वेगळे लेप, ही बाब आमच्या प्रकरणाशी थेट जुळणारी होती.

मात्र बंदुकीत नसलेली एक गोष्ट ब्लेडमध्ये असते, ती म्हणजे धार. नव्या धारेचे टोक काही मायक्रॉन त्रिज्येचे असते. त्यावर दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस मायक्रॉनचा लेप चढवला तर धार बुजते. शस्त्रांवर अलीकडे लोकप्रिय झालेले, सुमारे १२० अंशांवर भाजून पक्के केले जाणारे सिरॅमिक-पॉलिमरचे लेप गंजाविरुद्ध उत्तम असतात, पण धारेवर ते पहिल्याच मासळीबरोबर निघून जातील आणि त्यांचे तुकडे अन्नात जाण्याची शक्यता राहील. हा पर्याय त्याच बैठकीत बाद झाला. ग्लॉकसारख्या पिस्तुलांच्या स्लाइडमुळे प्रसिद्ध झालेले मीठ-द्रावणातील नायट्रायडिंग, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे, हा त्या मानाने गंभीर पर्याय होता, कारण तो थर पोलादाच्या आतून वाढतो आणि सहसा सोलून निघत नाही. पण त्यासाठी ब्लेड ५७० अंशांच्या आसपास तापवावे लागते. तिथे पोलादाचा प्रश्न उभा राहतो.

पोलादाला दिलेले पाणी

कोटिंगच्या निवडीत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे पोलादाला पाणी दिल्यानंतर, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केल्यानंतर, ते किती अंशांवर टेम्पर केले आहे, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवले आहे. टेम्परिंगच्या तापमानापेक्षा जास्त तापमानात पुन्हा नेलेले पोलाद पुन्हा टेम्पर होते, मग ते भट्टीत नेलेले असो वा कोटिंगच्या निर्वात कक्षात.

वर्कशॉपने काही काळापूर्वी स्वतःच्या हिमतीवर एक चाचणी करून पाहिली होती. एकाच चलनावर गोल आणि सरळ अशी दोन्ही ब्लेड टायटॅनियम नायट्राइडसाठी जॉबवर्कला पाठवली होती. चलनावर पोलादाचा उल्लेख नव्हता, टेम्परिंगचा तर नव्हताच. ही प्रक्रिया सर्वसाधारणपणे ४०० ते ५०० अंशांवर होते. ब्लेड परत आली ती सारखीच सोनेरी, सारखीच देखणी. परंतु सुमारे २०० अंशांवर टेम्पर केलेले ओएचएनएस इतक्या तापमानात कडकपणाच्या रॉकवेल मापावर साठवरून पन्नासच्या खाली उतरते, आणि तसेच झाले. तीन मायक्रॉनचा अत्यंत कडक थर आता मऊ पोलादावर बसला होता, गादीवर ठेवलेल्या काचेसारखा. हाड लागताच पोलाद दबले आणि थर तडकला. त्याच भट्टीतून आलेले डी-२ मात्र ठीक राहिले, कारण ५०० अंशांच्या आसपास त्यात दुय्यम कडकपणा येतो आणि रॉकवेलचा आकडा फारसा घसरत नाही. फक्त पातळ गोल ब्लेडला किंचित बाक आला. रंग पाहून दोन्हींतला फरक कोणाला ओळखता आला नसता, म्हणून वर्कशॉपच्या मिस्त्रींनी रॉकवेल यंत्रावर ठसा घेऊन पाहिला तेव्हाच तो कळला.

ठीक राहिलेले ते सोनेरी डी-२ ब्लेडही पावसाळ्यानंतर खड्ड्यांसह परत आले, आणि हे अनेकांना कोड्यात टाकणारे होते. स्पष्टीकरण असे की अशा पातळ थरात सूक्ष्म छिद्रे राहतातच. थर रासायनिकदृष्ट्या पोलादापेक्षा उच्च, म्हणजे सहजी न गंजणारा असतो, त्यामुळे खारे पाणी छिद्रातून आत शिरले की विद्युतघटासारखी जोडी तयार होते: विस्तीर्ण लेप न गंजणारा कॅथोड आणि छिद्राखालचे टिचभर पोलाद गंजणारा अॅनोड बनते. गंजाचा सगळा जोर त्या एका बिंदूवर येतो. उघडे पोलाद सर्वत्र थोडेथोडे गंजले असते; लेप दिलेले पोलाद निवडक ठिकाणी खोल गंजते. कडक पातळ लेप झिजेवरचे औषध आहे. गंजाविरुद्ध तो भिंत म्हणून धरला तर फसगत होते.

हार्ड क्रोमचा विचारही असाच अडला. त्याचे द्रावण अवघे ५५ अंशांच्या आसपास असते, म्हणून टेम्परिंगला धोका नाही. पण विद्युतप्रवाह टोकांवर आणि कडांवर एकवटतो, त्यामुळे नेमक्या धारेवर थर जाड आणि ओबडधोबड होतो. थरात सूक्ष्म भेगांचे जाळे असते. शिवाय मुलाम्याच्या वेळी पोलादात शिरलेला हायड्रोजन साठ रॉकवेलच्या ब्लेडला ठिसूळ करू शकतो. तो घालवण्यासाठी ब्लेड सुमारे २०० अंशांवर काही तास तापवणे आवश्यक असते आणि जॉबवर्कमध्ये हीच पायरी गाळली जाते असा लेखकाचा अनुभव आहे.

निकेलचा रासायनिक मुलामा, म्हणजे विजेशिवाय सुमारे ९० अंशांच्या द्रावणात होणारा, सर्वत्र समान जाडीचा बसतो आणि त्यात १० टक्क्यांहून अधिक फॉस्फरस असेल तर मिठापुढे चांगला टिकतो. त्याचा कडकपणा ५०० विकर्सच्या आसपास असतो. विक्रेते सांगतात की ४०० अंशांवर तापवला की तो हार्ड क्रोमच्या बरोबरीला येतो, आणि ते खरे आहे. पण त्या तापमानात थर स्फटिकरूप होऊन आकुंचन पावतो, त्यात भेगा पडतात आणि ज्या गंजरोधकतेसाठी तो निवडला तीच घटते. दोन्ही गुण एकाच वेळी विकत मिळत नाहीत. या मुलाम्याची योग्य जागा धार नसून ब्लेडचा धारक, मधली कडी आणि संरक्षक पट्टी ही होती. हे भाग साध्या पोलादाचे होते आणि त्यांचा गंज ओघळून ब्लेडवर येत होता, हे आजवर कोणी लक्षात घेतले नव्हते.

एका बाजूचा लेप

तोवरच्या तपासातून दोन गोष्टी निश्चित झाल्या होत्या. गंजाचे उत्तर पोलादातूनच द्यावे लागेल, आणि झिजेचे उत्तर लेपातून देता येईल, पण पोलादाच्या टेम्परिंगच्या मर्यादेत राहून. गोल ब्लेडसाठी ४४०-सी हे स्टेनलेस सुचवण्यात आले. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम आणि सुमारे एक टक्का कार्बन असतो आणि ते ५८ रॉकवेलपर्यंत सहज कडक होते. पण याची एक अट आहे: ते कमी तापमानावर, २०० अंशांच्या आतबाहेर, टेम्पर केलेले असले पाहिजे. ४२५ ते ५६५ अंशांच्या दरम्यान ते पुन्हा तापवले तर कडकपणा बऱ्यापैकी टिकूनही त्याची गंजरोधकता खालावते, कारण क्रोमियम पुन्हा कार्बाइडमध्ये जाऊन बसते. येथे रॉकवेलचा ठसाही फसवेल. नेहमीच्या तापमानावर सोनेरी कोटिंग करून घेतले असते तर महागडे स्टेनलेस घेऊन ते हाताने बिघडवल्यासारखे झाले असते.

म्हणून हिऱ्यासदृश कार्बनचा, ज्याला बाजारात डीएलसी म्हणतात, असा लेप विचारात घेतला गेला. तो २०० अंशांच्या खाली चढवता येतो, क्रोमियमच्या पातळ अस्तरावर बसवला तर पोलादाला चांगला धरतो आणि त्याचे घर्षण फार कमी असते. सुमारे साडेतीनशे अंशांच्या पुढे तो टिकत नाही, परंतु बर्फातल्या मासळीला त्याची काय चिंता? कोरड्या मशीनिंगसाठी बनवलेले, आठशे अंशांपर्यंत तग धरणारे टायटॅनियम-अॅल्युमिनियम नायट्राइड एका विक्रेत्याने याच कामासाठी पुढे केले होते. ते उत्तम लेप आहे, पण या कामात त्याच्या मुख्य गुणाचे पैसे वाया गेले असते.

लेप कुठे द्यायचा हा प्रश्न कोणता द्यायचा याइतकाच महत्त्वाचा ठरला. गोल ब्लेडची एक बाजू सपाट असते आणि दुसरी तिरपी. धार लावताना तिरपी बाजूच घासली जाते. दोन्ही बाजूंना लेप दिला तर पहिल्या धारेलाच तिरप्या बाजूचा लेप जातो आणि तो खर्च व्यर्थ होतो. त्याऐवजी फक्त सपाट बाजूला लेप दिला आणि अंतिम धार लेपानंतर तिरप्या बाजूने काढली, तर धारेचे टोक लेपाच्या पातळ थरातच तयार होते. वापरात तिरप्या बाजूचे तुलनेने मऊ पोलाद आधी झिजते आणि कडक थराची कडा पुढे राहते, त्यामुळे धार काही प्रमाणात स्वतःच राखली जाते. उद्योगातील एकतर्फी धारेच्या सुऱ्यांसाठी हे तत्त्व जुने आहे. साकीनाक्यात ते वापरले जात नव्हते, याचे कारण बहुधा एवढेच की जॉबवर्कचे दर नगावर असतात, बाजूवर नसतात.

ठरलेली योजना

सरळ ब्लेडना कोणतेही कोटिंग न देता ती ४२० स्टेनलेसमध्ये करायचे ठरले. ती खरवडण्याचे काम करतात, हाड कापत नाहीत, आणि त्यांची किंमत पाहता दर वेळी नवे ब्लेड घेणे लेपापेक्षा स्वस्त पडते. वर्कशॉपच्या मालकांना हे पटायला वेळ लागला, कारण ग्राहक कोटिंगसाठी पैसे द्यायला तयार असताना कोटिंग नको म्हणणे त्यांना व्यवसायाच्या दृष्टीने अवघड वाटत होते.

गोल ब्लेडच्या खरेदी आदेशात प्रथमच काही ओळी वाढल्या: पोलादाचा दर्जा, टेम्परिंगचे तापमान, कोटिंगच्या कक्षातील कमाल तापमान १८० अंश, लेप फक्त सपाट बाजूला, जाडी दोन ते तीन मायक्रॉन, लेपापूर्वी सपाट बाजू पॉलिश केलेली, आणि लेपानंतर प्रत्येक खेपेतील एका ब्लेडचा रॉकवेल ठसा. एका कोटिंग करणाऱ्याने तापमानाची अट वाचून काम नाकारले. लेखकाने ते त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले. धारक आणि कड्यांना उच्च फॉस्फरसचा निकेल मुलामा, २५ मायक्रॉन, न तापवता. हा मुलामा देणारे युनिट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची वैध संमती असलेलेच असावे, हे कारखान्याच्या खरेदी विभागाने स्वतः जोडले.

क्लोरीनच्या टबाजवळ वेळेची पाटी लागली. ब्लेड दहा मिनिटांनी बाहेर, गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, दाबाच्या हवेने सुकवून. बंदीच्या काळात ठेवताना खाद्यदर्जाच्या खनिज तेलाचा हात आणि गंजरोधक कागदात गुंडाळणे. हे शेवटचे काम व्यवस्थापकांनी शस्त्रागाराच्या पद्धतीने, सही-शिक्क्याच्या नोंदवहीसह सुरू केले.

पुढच्या हंगामात कपाटातून निघालेल्या ब्लेडवर खड्डे नव्हते. त्यात नवे पोलाद, कागद आणि तेल यांचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही, कारण सर्व बदल एकत्र झाले. लेपाचा स्वतंत्र परिणाम मात्र तपासता आला, कारण लेखकाच्या आग्रहाने काही ४४०-सी ब्लेड मुद्दाम बिनलेपाची ठेवली होती. लहान मासळीच्या यंत्रावर लेप असलेल्या व नसलेल्या ब्लेडमध्ये कामगारांना फरक जाणवला नाही. घोळ आणि मोठ्या सुरमईच्या यंत्रावर, जिथे कण्याचे हाड जाड असते, लेपाची ब्लेड धारेसाठी स्पष्टपणे उशिरा परत येऊ लागली. त्यानंतर लेप फक्त त्या एका यंत्रापुरता ठेवण्यात आला आणि कोटिंगचा वार्षिक खर्च मूळ अंदाजापेक्षा बराच खाली आला.

एक अडचण राहिली होती. डीएलसीचा लेप काळपट राखाडी असला तरी बर्फाच्या पाण्यात भिजलेल्या ब्लेडची लेपाची बाजू ट्यूबलाइटखाली चटकन ओळखू येत नसे आणि धार लावताना चुकून सपाट बाजू चाकावर धरली गेली तर सगळा लेप क्षणात जाई. मिस्त्रींनी त्यावर उपाय म्हणून तिरप्या बाजूला, मधल्या छिद्राजवळ, ठशाने एक ठिपका उठवायला सुरुवात केली आहे. ठिपक्याची बाजू तेवढी चाकाला लावायची.